पुरणाची भिंत

मिस्त्री कुठेही गेले की आधी ठोकून पाहायचे. मधलं बोट दुमडायचं, त्याच्या हाडाने दोनदा टकटक करायचं आणि मान कलती करून कान लावायचा. दाराला, कोहळ्याला, धानाच्या ढोलीला, पंचायतीच्या टेबलाला. एकदा माझ्या लशीच्या पेटीलाही. ऐकून झालं की निकाल यायचा, "पोळी बरी हाये, पन पुरन नाई."

बाजारात घ्यायचं नसताना प्रत्येक कलिंगड वाजवून पाहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे मिस्त्री त्यातले नव्हते. आत काय आहे याची त्यांना खरीच काळजी असायची.

मी सरकारी नर्स. सत्तरच्या दशकात माझी बदली तुमसरपासून थोडं आत, करडीच्या बाजूच्या एका धानाच्या गावी झाली. गावाचं नाव सांगत नाही. या हकिकतीत एका पंचाचा कान सुजतो आणि त्यांची नातवंडं अजून तिथेच नांदताहेत.

उपकेंद्र म्हणून मला पंचायतीचं अर्धं घर मिळालं. अर्धं म्हणजे काय, एकच लांब खोली, वर कवेलू, म्हणजे कौलं, आणि मधोमध दोरीवर टाकलेली एक चादर. चादरीच्या पुढे पंचायत, पंचायतीचा रेडिओ आणि रेडिओभोवती गावातली झाडून सगळी निवांत पुरुषमंडळी. चादरीच्या मागे मी, एक लोखंडी खाट आणि पाणी उकळायचा स्टोव्ह. बायांनी बाळंतपणाला इथे यावं अशी वरून अपेक्षा होती. एखादी बिचारी यायचीही. मागच्या दाराने आत डोकवायची, चादरीपलीकडचं हसणं-खोकणं ऐकायची आणि "मंग येतो, बाई" म्हणून परत जायची.

ती यायची नाही. नंतर मलाच बोलावणं यायचं, धुराने भरलेल्या खोलीत, सगळं हाताबाहेर गेल्यावर. दोनदा मी पोचले तेव्हा उशीर झालेला होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, पण ती दोन घरं मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या खेपेनंतर मी तणतणत सरपंचांकडे गेले. म्हटलं, मला विटांची भिंत हवी. सरपंच माणूस भला, पण त्यांची अडचण वेगळी. दिवाळी झाली की गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरायची. दंडारीची नाचगाणी करणारी मंडळी आणि गावोगावचे पाहुणे याच खोलीत उतरायचे. "पक्की भिंत घातली तं पाहुन्याइले कुठं ठिवू, बाई? झाडावर?"

"म्हणजे वर्षभर उभी राहील आणि मंडईला निघून जाईल अशी भिंत हवी तुम्हाला! अशी भिंत स्वर्गात मिळते का विचारून पाहा," मी म्हटलं.

कोपऱ्यात एक माणूस टेबलाचा पाय बसवत होता. त्याने टेबल ठोकलं, कान लावला आणि आम्हा दोघांकडे न बघता म्हणाला, "होते."

हे मिस्त्री. जातीने आणि धंद्याने वाढई, म्हणजे सुतार. पंचवीस वर्षं तुमसरच्या एका राइस मिलमध्ये लाकडी चाळण्या दुरुस्त करण्यात गेलेली. मिलच्या मागे भाताच्या कोंड्याचे डोंगर साचायचे, ते पाहून या माणसाचा जीव तुटायचा. गावी परतले ते बैलबंडीभर कोंडा घेऊन. लोक मिलमधून तांदूळ आणतात, मिस्त्रींनी टरफलं आणली. गावाने यथेच्छ हसून घेतलं. "हसा," मिस्त्री म्हणायचे, "हसाले कुठं लायसन लागते?"

पहिल्याच दिवशी त्यांनी मला धडा दिला. "नुसती फळी ठोकली तं ते तबला होते बाई, आवाज दुप्पट. इटा जड. तट्टा हलका, पन त्यातून वारा बी जाते अन् बोलनं बी जाते. तं मंग पुरनपोळी कराची. दोन्हीकून पोळी पातळ, मंधात पुरन जाड. पोळीनं ताकद येते, पुरनात आवाज मरते."

पोळी म्हणजे बांबूच्या चिपांचा विणलेला तट्टा आणि त्यावर ताणून बसवलेलं अंबाडीच्या वाखाचं जाळं. पुरण म्हणजे बोटभर तुकडे केलेली धानाची तणीस, म्हणजे पेंढा, आणि तो जगप्रसिद्ध कोंडा. सगळं चिंचोक्याच्या खळीत कालवून दोन तट्ट्यांच्या मध्ये भरायचं, दाबायचं, वाळवायचं. कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणी मी पुष्कळ पाहिल्या होत्या. कोंड्याची पुरणपोळी करणारा पुरुष हा पहिलाच.

पहिला पल्ला, म्हणजे भिंतीचा एक तुकडा, तयार झाला आणि वाळायला पंचायतीच्या भिंतीशी उभा केला. दुपारी गावाचा सोडलेला वळू आला आणि त्याने तो कोपऱ्यापासून कमरेपर्यंत खाल्ला. तणीस त्याची नेहमीचीच, वर चिंचोक्याची खळ लावलेली. एवढा पाहुणचार त्याचा जन्मात कुणी केला नव्हता. मला रडू यायचं बाकी होतं. मिस्त्री मात्र उरलेला अर्धा पल्ला ठोकत उभे. "सांडानं खाल्लं म्हंजे माल असल हाये," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून खळीत कडुलिंबाचा पाला उकळू लागला. वळूने एकदा जीभ लावून पाहिली आणि अशा काही नजरेने आमच्याकडे बघत गेला की त्याचीच मला दया आली.

आता दाबायचं कसं? मिलमध्ये दाबाला यंत्रं होती, इथे काय होतं? मिस्त्रींनी ओले पल्ले पंचायतीच्या ओट्यावर आडवे घातले, वर फळ्या टाकल्या, त्यावर सतरंजी. मग रेडिओ बाहेर आणून ठेवला.

"या गा, बसा. सावली हाये, रेडिओ हाये."

मंडळी बसली. चार दिवस बसली. एरवी दुपारी उठून जाणारेही उठले नाहीत, कारण उठायला लागलं की मिस्त्री तंबाखू पुढे करायचे. पाचव्या दिवशी फळ्या उचलल्या तेव्हा आपण कशावर बसलो होतो ते त्यांना कळलं. "जल्मात पहिल्यांदा तुमचं बसनं कामी आलं," मिस्त्रींनी सांगितलं. ज्यांच्या कानापासून लपायचं, त्यांच्याच बुडाखाली ती भिंत घट्ट झाली.

पल्ले उभे राहिले, खाचेत खाच बसली. दोन माणसांना उचलून नेता येतील इतके हलके. मग परीक्षा. मिस्त्रींनी मला आत पाठवलं आणि ओरडायला सांगितलं. काय ओरडणार? मी एकोणतीसचा पाढा म्हटला, खणखणीत. बाहेर आले तर मिस्त्री कवेलूंकडे बघत उभे.

"आवाज वरून येऊन राह्यला. झाकन पायजे." मग माझ्याकडे वळून, "अन् बाई, पाढा म्हननारी कोन बाळंत होते? जशी बाई ओरडते तशी ओरडा ना."

झाकणासाठी आणखी दोन पल्ले झाले, खाटेवर छतासारखे आडवे बसवायला. मंडळी पुन्हा चार दिवस ओट्यावर बसली, यावेळी जाणूनबुजून आणि जरा तोऱ्यात. मी पुन्हा आत गेले, तोंड उघडलं, आणि काही निघालंच नाही. शेकडो बायांचं ओरडणं मी ऐकलेलं. "ओरड गं, ओरड, लाजू नको," असं मीच सांगत आलेली. आणि स्वतःवर आली तेव्हा माझा घसा बंद. बाहेर येऊन कबूल केलं, "मिस्त्री, मला नाही जमत."

ते हसले नाहीत. रंधा खाली ठेवून बसले आणि म्हणाले, "कोनाले जमते, बाई? आमच्या घरच्याइचं सांगू का?"

त्यांच्या बायकोचं पहिलं बाळंतपण भर दुपारी झालं होतं. पोरगी सोळा-सतराची. ती ओरडली, सगळ्या मोहल्ल्याने ऐकलं. इथवर ठीक. पण पुढे लग्नात व्याह्या-विहिणींना चिडवायची गाणी असतात ना, त्यात बायांनी तिचं ते ओरडणं घातलं. हुबेहूब नक्कल. प्रत्येक लग्नात हसायचा ठरलेला विषय. "दुसऱ्या बाळंतपनात तिनं पदर दातात धरला. दात तुटला बाई, पन आवाज नाई केला. मी आंगनात उभा होतो. मले वाटे, ओरड ना वं माय, ओरड एकदा." मग ते म्हणाले, "बाईले ओरडाले जागा पायजे. दुसरं काई नाई."

त्या दिवशी हा माणूस मला फार आवडून गेला, एवढं खरं.

मिस्त्रींची बायको, मी त्यांना काकू म्हणायची, दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींबरोबर आल्या. पुढचा एक दात नसलेली ठेंगणी बाई. ओरडून पाहायला त्यांना आणलंय हे कळल्यावर पदराआड इतक्या हसल्या की आता काही होत नाही असं मला वाटलं. मंडळी नेहमीसारखी ओट्यावर रेडिओपाशी होती. पंचायतीच्या बाजूला खोलीत चिटपाखरू नव्हतं. मिस्त्री भिंतीच्या बाहेरच्या अंगाला कान लावून उभे राहिले. मी काकूंना घेऊन आत गेले, दार लावलं.

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वरच्या झाकणाकडे. मग खाटेची कड धरली आणि अशा ओरडल्या की माझ्या हातातला ट्रे खाली पडला. ओरडून झाल्यावर त्याच दमात नवऱ्याच्या नावाने, "तुह्या भिंतीले आग लागो रे बुढ्या!" आणि मग खाटेवर बसून हसत राहिल्या. तुटल्या दाताची ती फट, आणि डोळ्यांतून पाणी.

मी धावत बाहेर. "मिस्त्री, ऐकू आलं?"

मिस्त्रींनी कान सोडवला, मान हलवली. "काहीच नाई, बाई. ओरडली का थे?"

ओट्यावर जाऊन विचारलं. कुणाला पत्ताही नव्हता, रेडिओवर शेतीचा कार्यक्रम चालला होता. मग काय, मी घरोघर फिरले. लेकराची शपथ घ्यायला मला लेकरू नव्हतं, म्हणून माझ्या नोकरीची शपथ घेऊन सांगितलं, पलीकडे काहीच ऐकू येत नाही. स्वतः मिस्त्रींनी कान लावून पाहिलंय. बाया ऐकून घ्यायच्या, माना डोलवायच्या आणि येत मात्र नव्हत्या. एक म्हातारी तोंडावर बोलली, "कान लावनारा कान लावतेच, बाई."

त्याच आठवड्यात मिस्त्रींनी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काळंभोर तेल फासलं. मी विचारलं तर म्हणाले, उधईसाठी आहे, वाळवी लागू नये म्हणून. कशाचं तेल ते मी विचारलं नाही, ही माझी चूक.

चार दिवसांनी सकाळी पंचायतीतले एक वडीलधारे पंच डोक्याला उपरणं गुंडाळून मागच्या दाराने माझ्याकडे आले. उपरणं सोडलं तर उजवा कान पुरीसारखा फुगलेला, वर पाण्याने भरलेले फोड.

"डास चावला, बाई."

"केवढा हो डास!" मी कान जवळून पाहिला. पाळीच्या कडेने अर्धचंद्रासारखा काळा डाग. मी या झाडीपट्टीच्या मुलखात नवी असले तरी एवढं कळत होतं. बिब्बा! परटाने कपड्यावर खूण करायला वापरावा आणि चुकून अंगाला लागला तर कातडी उतावी, तो बिब्बा. आदल्या दिवशी आत एक भित्री पोरगी नुसती तपासून घ्यायला आली होती, आणि आमचे हे पंच भिंतीला कान लावून उभे होते. मी कानाला खोबरेल लावलं, पट्टी बांधली आणि हसू न येऊ देण्यासाठी खळखळा पाणी ओतत हात धुतले.

मग मिस्त्रींना गाठलं आणि असं झोडपलं की विचारू नका. "बाळंतिणीच्या खोलीला बिब्बा? शुद्धीवर आहात का?"

"चुकलो, बाई," ते खाली मान घालून म्हणाले. "उधईच्या ध्यानात कानाचं ध्यान नाई राह्यलं. पन आतून नाई लावला. आतून चुना हाये, तुमच्या देखत लावला."

त्याच दुपारी मी उभी राहून बाहेरच्या अंगाला मातीचा जाड लेप देऊन घेतला, वर चुन्याचे दोन हात. काळा रंग दिसेनासा झाला. चुना वाळता वाळता मिस्त्री हळूच म्हणाले, "बाई, बिब्बा झाकला हे गावाले सांगाचं काई काम नाई ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. नाही सांगितलं.

सांगायची गरजच नव्हती. पट्टी बांधलेला कान गावभर फिरत होता. नर्सबाईच्या भिंतीला जो कान लावेल त्याचा कान उतते, ही बातमी नदीवर, विहिरीवर, करडीच्या बाजारापर्यंत गेली. बाया पोट धरधरून हसल्या. आणि हसत हसत यायला लागल्या. बाळंतपणाला पहिली आली ती तीच भित्री पोरगी. आत ती जी ओरडली! मुलगा झाला, आणि चेहरा असा की जणू तिनेच गावाला काहीतरी ऐकवून दाखवलं. मग दुसरी, मग तिसरी. त्या पंचांची सूनसुद्धा आली, आणि सासरा तेव्हा पार वेशीपाशी जाऊन बसला होता.

मी तिथे नऊ वर्षं राहिले. दर मंडईला पल्ले निघायचे, पाहुणे जेवायचे, पल्ले परत बसायचे. ते निघायचे तेव्हाही लोक बाहेरच्या अंगाला जपून हात लावायचे. माझ्या अखेरच्या वर्षी नव्या पक्क्या इमारतीसाठी मोजमाप घ्यायला एक तरुण इंजिनिअर आला. भिंत वाजवून चकित झाला. म्हणाला, "हे तर सँडविच पॅनल आहे! परदेशात लोक आता गवताच्या, वाखाच्या मागे लागलेत." मिस्त्रींनी विचारलं, सँडविच म्हंजे काय? त्याने सांगितलं, दोन पावांच्या मध्ये भाजी घालतात ते.

"म्हंजे पुरनपोळीच," मिस्त्री म्हणाले. "पाव खानाऱ्याइनं बी शेवटी पुरनाले मानलं म्हना."

बदली होऊन मी पवनीकडे गेले. तिथे कधीतरी कळलं की मिस्त्री गेले. झोपेत, काही त्रास न होता. मला जायला दोन महिने लागले. पक्कं केंद्र तोवर उभं राहिलं होतं आणि जुने पल्ले पंचायतीने मिस्त्रींनाच देऊन टाकले होते. त्यांनी मरायच्या आधी ते आपल्या घरात लावले होते, ओसरी आणि स्वैपाकघराच्या मध्ये. चुन्याखालून काळसर रंग थोडा डोकावत होता.

काकूंनी मला ओसरीवर बसवलं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग एकदम त्यांनी विचारलं, "बाई, त्या रोजी मी आतून काय ओरडली थे तुमी याइले सांगतलं होतं का?"

"नाही बाई. मी कुणालाच नाही सांगितलं."

"मंग याइले कसं माईत?" काकू हसल्या, तीच दाताची फट. "त्याच सांजी जेवताजेवता म्हनतेत कसे, 'भिंतीले आग नोको लावू वं, तनसाची हाये.' मी म्हनलं, तुमाले तं काई आयकू नाई आलं ना? तं म्हनतेत, 'थे बाईसाठी.'"

म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं. ओट्यापर्यंत आवाज जात नव्हता हे खरं, पण भिंतीला कान चिकटवला की ऐकू येत होतं. ते माझ्याशी खोटं बोलले, म्हणून तर मी नोकरीची शपथ घेऊन घरोघर खरं बोलू शकले. आणि लागलीच त्या आठवड्यात त्यांनी बिब्बा फासला. पंचवीस वर्षं लाकूड वापरलेल्या वाढईला म्हणे कानाचं ध्यान राहिलं नाही! आणि मी त्या माणसाला भर अंगणात झोडपलं, तर हा खाली मान घालून "चुकलो, बाई" म्हणतो.

मी उठले. बोट दुमडून भिंत ठोकली, टक टक. पुरण अजून भरलेलं होतं. म्हटलं, "काकू, पलीकडे जा आणि काहीतरी बोला. मला पाहायचंय."

काकू स्वैपाकघरात गेल्या. मी कान लावला. बराच वेळ काही नाही. मग बारीक, फार दुरून यावा तसा त्यांचा आवाज आला. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मिस्त्रींशी बोलत होत्या. काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही.

थोड्या वेळाने डोळे पुसत बाहेर आल्या. "आलं का आयकू, बाई?"

"काहीच नाही, काकू," मी म्हटलं.